उघडी रिबीट

भोर,
९ सप्टेंबर १९६८

चि. सोनबा,

तुझ्या दाजीचा आशीर्वाद घे. अंजना बरी आहे. "माझा भाऊ चार महिन्यांत चार ओळी लिहीत नाही" असं दिवसातून दोनदा मला ऐकवते, जसं काही तुझे हात मीच बांधून ठेवलेत!

आता कामाचं. वेल्ह्याला कोळसा भरायला येणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून फाटकाची एक झडप पाठवली आहे. पुण्यात कॅम्पातला एक साहेबी बंगला पाडला, तिथली. घडीव लोखंड, वर भाले, मधे वेलबुट्टी. बघशील तर हातातला घण खाली ठेवशील. तिची जोडीदार, म्हणजे डाव्या हाताची झडप, गंजून चाळण झाली होती, ती मी भंगारात घातली. तुला तिची हुबेहूब जोड करायची आहे.

पुण्याच्या नव्या बंगलेवाल्यांना जुन्या लोखंडाचं वेड लागलंय रे. बागेत बसायला बिडाचं बाकडं हवं, तेही इंग्रजाच्या काळातलं. घर नवं, मोटार नवी, फाटक तेवढं पणजोबाच्या वयाचं! एरंडवण्याच्या पोंक्षेसाहेबांना मी जोडी दाखवीन म्हणून शब्द दिला आहे. दोन्ही झडपा एकाच बंगल्यातल्या, शंभर वर्षांच्या, असं त्यांना सांगितलंय. तेव्हा जोड अशी कर की तुझ्या बापालासुद्धा सांगता येऊ नये नवी कुठली आणि जुनी कुठली. वेल्डिंगचा थेंब दिसता कामा नये, सगळं रिबिटीत.

साहेबांना बागेसाठी एक खात्रीचा माणूसही हवा आहे. तिथेच खोली देतात. कुणी असला तर कळव.

तुझा,
सावळाराम


वेल्हे,
८ ऑक्टोबर १९६८

दाजी,

सोनबाचा तुमच्या अन् अक्काच्या पायावर डोकं ठेवून रामराम.

झडप झाली. दसऱ्याला हत्यारं पुजली अन् दुसऱ्या दिशी शेवटचा भाला चढवला. तुमच्यावर रागवावं का तुमचे पाय धरावेत मला कळंना. महिनाभर गावच्या कोयत्या-कुऱ्हाडी तशाच पडल्यात, लोक येऊन शिव्या घालून जात्यात. पर असलं काम म्या जन्मात केलं न्हाई. ज्यानं ती पहिली झडप घडवली तो कोण व्हता कुणाला ठाव, पर त्याच्या हाताची खोड मला पाठ झाली. वेटोळं वळवताना तो डावीकडं जरा ज्यादा रेटायचा. म्या बी रेटलं.

रंगाचं म्हणाल तर आंबट ताक अन् मीठ लावून चार दिस उकिरड्यात पुरली. वर काढून पुसली, मग तेल पाजून धगीवर धरली. काल सखूबाई, म्हंजी आमचं घरातलं माणूस, दोनी झडपांम्होरं उभी ऱ्हायली अन् जुनी म्हणून माझीच दाखवली. लई हसलो.

आता एक नीट ध्यान देऊन वाचा. वरच्या बिजागरीच्या पट्टीला दोन रिबिटी हायेत. आतली बंद केली हाय. बाहेरली खुली, म्हंजी डोकं न ठोकता, ठेवली हाय, मालकासाठी. आमच्या आज्यापास्नं हेच हाय, तुमाला म्या काय सांगायचं. नांगराचा फाळ असू द्या न्हाईतर गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, शेवटचा घाव ज्याची वस्तू त्याचा. तवा फाटक उभं केलं की रिबीट तापवून साहेबाच्या हातानं तिचं डोकं बसवून घ्या. वाटंत गळून पडू नये म्हणून काळ्या राळंनं चिकटवली हाय.

माणूस हाय. पासलीचा ज्ञानू. तुमी बघितलाय त्याला, अक्काच्या लग्नात पंगतीला वाढत व्हता, दाताड्या. त्यानं वाळकी काटकी रोवली तरी पालवी फुटती. त्याची बायको फुलाबाई पोरांना घिऊन हितंच ऱ्हाईल. जबाबदारी माझी.

सोनबा


भोर,
२६ ऑक्टोबर १९६८

चि. सोनबा,

पेढे खा! फाटक दिवाळीच्या आधी उभं राहिलं. साहेब दोन्ही झडपांवरून हात फिरवत होते आणि आपल्या बायकोला सांगत होते, "बघ, असली कारागिरी आता संपली." मी मान खाली घालून उभा. एकदा वाटलं सांगावं, हा कारागीर वेल्ह्यात बसून आत्ता भाकरी खात असेल. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

ज्ञानू रुजू झाला. साहेबांना माणूस पसंत पडला. पहिल्याच दिवशी त्यानं फाटकाच्या डाव्या अंगाला कण्हेरी लावल्या.

तुझ्या शेवटच्या घावाची काळजी सोड. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, सगळं रीतसर झालं.

दिवाळीचा फराळ ट्रकवाल्याकडे दिला आहे. चकल्या अंजनाच्या आहेत, मोडल्या असतील तर ट्रकवाल्याला बोल, तिला नको.

सावळाराम


भोर,
२ डिसेंबर १९६८

चि. सोनबा,

वाईट बातमी आहे, पण घाबरू नकोस. परवा सकाळी साहेबांची मोटार बाहेर काढताना फाटकाची एक झडप निसटून ज्ञानूच्या अंगावर पडली. उजवा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला. सरकारी दवाखान्यात आहे, जीव वाचला हे नशीब.

साहेब म्हणतात, तो फाटकाला लोंबकळत असावा. खतानं भरलेली ढकलगाडीही त्यानं एक-दोनदा फाटकावर आदळली होती म्हणे. जुन्या वस्तूला जपून हाताळावं लागतं, त्या अडाण्याला काय कळणार. त्याच्या घरी तूच निरोप दे.

सावळाराम


वेल्हे,
७ डिसेंबर १९६८

दाजी,

फुलाबाईला निरोप दिला. तिनं हातातली परात खाली ठिवली अन् तशीच एश्टीला धावली. पोरं आमच्याकडं हायेत.

तुमाला दोन गोष्टी इचारतो. कंची झडप पडली? डावी का उजवी? अन् तुमी नारळ फोडला म्हणून लिहिलंत, हळदकुंकू लिहिलंत. घावाचं कायच लिहिलं न्हाई. साहेबानं घाव मारला का न्हाई? रिबीट तापवली का न्हाई?

ज्ञानू लोंबकळणारा माणूस न्हाई. त्याच्या बागेत फुलपाखरू बसलं तरी तो जपून पाय टाकतो. मला जेवण जात न्हाई. उलट टपालानं कळवा.

सोनबा


भोर,
१५ डिसेंबर १९६८

चि. सोनबा,

अरे, किती मनाला लावून घेतोस! पडली ती जुनी झडप. उजवीकडची. तुझ्या झडपेला ओरखडासुद्धा गेला नाही. शंभर वर्षांचं लोखंड, कधीतरी दगा देणारच. आणि घाव मारला रे, मारला. आता शांतपणे जेव.

ज्ञानूच्या पायाला प्लास्टर घातलंय. साहेबांनी त्याचं सामान खोलीबाहेर काढून ठेवलंय, नवा माणूस ठेवणार म्हणतात. मी काय करणार? मोठ्या लोकांपुढे आपलं काय चालतं?

सावळाराम


वेल्हे,
२४ जानेवारी १९६९

दाजी,

तुमचं पत्र आलं त्या राती म्या दोन भाकरी ज्यादा खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, देवाला नारळ बी फोडला. माझी झडप न्हाई पडली म्हणून. मित्राचा पाय मोडला अन् मी पेढे वाटायचा बाकी ऱ्हायलो व्हतो.

मागल्या आठवड्यात ज्ञानूला घरी आणलं. फाट्यावर गाडी बदलताना फुलाबाईनं त्याला पाठुंगळी मारला. पाय वाकडा जुळलाय. डाक्टर म्हणाला आता असाच ऱ्हाणार.

मी पासलीला गेलो तर ज्ञानू माझ्याकडं बघंना. घराच्या भिताडाकडं तोंड करून बसला. मला वाटलं रागावलाय. तर म्हणतो कसा, "सोनबा, तू मला शब्दावर लावलास अन् म्या तुजं नाव घालवलं. साहेबाची शंभर वर्साची वस्तू माज्या हातनं मोडली." मी म्हणालो, अरं तुजा पाय मोडला की! तर म्हणतो, "पायाचं काय, पाय माजाच हाय. वस्तू लोकाची व्हती." अन् मग माझा हात धरून म्हणाला, "तुज्या हाताला गुण हाय. एकदा पुण्याला जाऊन साहेबाचं फाटक जुळवून दे. मग मी मरायला मोकळा."

म्या सहज इचारलं, कंच्या अंगाची झडप पडली रं? तर म्हणाला, "डाव्या. कण्हेरीच्या अंगाची. माज्या दोन कण्हेरी बी चेपल्या."

दाजी, डावी माझी हाय.

 चहा पिऊन उठलो अन् ओढ्यापतूर चालत आलो, तितं बसून ऱ्हायलो. तुमी माझ्या अक्काचे मालक, माझ्या बापाच्या जागी. तुमाला खोटारडं म्हणायला जीभ वळत न्हाई. तुमच्या आईची आण घालून इचारतो, काय झालं ते खरं लिवा. न्हाईतर मी अक्कालाच पत्र टाकतो.

सोनबा


भोर,
२ फेब्रुवारी १९६९

सोनबा,

अंजनाला काही लिहू नकोस. तुझ्या पाया पडतो. लिहितो सगळं.

घाव मारला नाही. तूच विचार कर. साहेबाच्या हातात हातोडा देऊन "मारा शेवटचा घाव" म्हणालो असतो, तर तो म्हणाला असता, शंभर वर्षांच्या फाटकाचा शेवटचा घाव अजून राहिलाय कसा? एका हातोड्यानं माझी सगळी बतावणी उघडी पडली असती. म्हणून नारळावर भागवलं.

पण सोनबा, रिबीट खरोखर उघडी असेल असं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरी बाबा रिबीट आधीच ठोकून पक्की करायचे. मालकानं वरून नुसता टोला मारायचा, शकुनाचा. मी भट्टी सोडली तेव्हा सोळा वर्षांचा होतो, मला एवढीच रीत ठाऊक. तुझं पत्र वाचून वाटलं, तुम्हीही तसंच करत असाल, तापवणं-बिपवणं नुसतं म्हणायला. झडपेकडे बघितलं तर रिबीट बसलेली दिसली. राळ तू इतकी बेमालूम लावली होतीस. ती राळ कुणी लावली, हेही एकदा स्वतःला विचार.

झडप पडल्यावर साहेबांनी मला बोलावणं धाडलं. मी पोचलो तेव्हा ज्ञानूला नेलेलं होतं. आतली एकटी रिबीट भार न पेलून तुटली होती; बाहेरची खडीत पडली होती, बिनडोक्याची, नवीकोरी. साहेबांचं लक्ष जायच्या आत मी ती खिशात घातली. परत येताना पुलावरून नीरेत टाकली. तेव्हापासून रोज सकाळी त्या पुलावरून जावं लागतं मला.

साहेबांना मी म्हणालो, माणूस आडदांड होता. माझ्याच तोंडून गेलं ते. लोंबकळण्याची गोष्ट त्यांनी नाही काढली, मी काढली. एकदा बोलून गेल्यावर मागे घेता येईना.

आता ऐक. झालं ते झालं. ज्ञानूचा पाय तुझ्या-माझ्या सांगण्यानं सरळ होणार नाही. तू तोंड उघडलंस तर मी एकटा बुडणार नाही. बनावट झडप तुझ्या भट्टीतली, उघडी रिबीट तुझ्या हातची. गावात कोण तुझ्याकडे फाळ घेऊन येईल? आणि अंजना? तिला वाटतं, मी तिच्या माहेरच्या माणसाला चाकरीला लावून पुण्य केलं. चार बायकांत सांगत असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सोनबा.

हे पत्र वाचून झालं की भट्टीत घाल.

सावळाराम


वेल्हे,
गुरुवार, १० एप्रिल १९६९

दाजी,

तुमचं पत्र भट्टीत घातलं न्हाई. घालायला गेलो व्हतो. भाता मारला, इंगळ फुलवले, अन् हात म्होरं जाईना. राळ कुणी लावली म्हणून तुमी इचारलंत. म्या लावली. म्या उघडी ठिवली, म्या झाकली, अन् वर फुशारकीनं तुमाला लिवून कळवली. उकिरड्यात लोखंड पुरून जुनं करताना मला लाज न्हाई वाटली, मौज वाटली. समदं तुमच्या माथी मारून मी मोकळा व्हणार न्हाई.

पर दोन महिनं मी बी गप ऱ्हायलो. दर आठवड्याला पासलीला जायचो. कवा गूळ, कवा पोरांना पाट्या-पेन्सिली. ज्ञानूला काठी करून दिली, खाली लोखंडी टोपण बसवून. फुलाबाई समद्या आळीत सांगायची, मैतर असावा तर असा. मी खाली बघून चहा प्यायचो.

मागल्या रविवारी त्यांच्या शेजारचा कोंडिबा कुठनंसं आंब्याचं कलम घिऊन आला. म्हणाला, ज्ञानू, तुज्या हातानं लाव. तर ज्ञानूनं हात मागं घेतले. "नगं. माज्या हाताला आता अपेश हाय. ज्याला धरीन ते मोडंल." दाजी, हा माणूस वाळक्या काटकीला पालवी फोडणारा. मला ऱ्हाववंना. तितंच, कोंडिबादेखत, सांगून टाकलं. पडली ती झडप जुनी नव्हती, म्या केली व्हती, माझी रिबीट उघडी व्हती, म्हणून पडली.

तुमाला वाटंल ज्ञानू काठी घिऊन अंगावर आला. छ्या! तो हसला. किती महिन्यांनी हसला. म्हणाला, "सोनबा, माजं मन राखायला किती खोटं बोलशील? तुज्या हातचा खिळा बी कवा निघाला न्हाई. माज्या बाच्या नांगराला तुज्या बानं मारलेला फाळ अजून हाय." कोंडिबानं बी मान हलवली. म्हणाला, देवमाणूस हाय सोनबा, दुसऱ्याचं पाप डोईवर घेतोय.

मी आण घेतली, ऐकंनात. ऐरणीवर हात ठिवून सांगतो म्हणालो, ऐकंनात. मग सोमवारी तुमचं पत्र घिऊन गेलो अन् अंगणात बसून वाचलं. पैल्यापास्नं शेवटापतूर. अक्काचं नाव आलं तितं थांबलो, मग ते बी वाचलं. खडीतनं रिबीट उचलून खिशात घातल्याचं ज्ञानूनं दोनदा वाचायला लावलं.

मग इचारलं, "म्हंजी म्या न्हाई मोडलं?" म्हणालो, न्हाई. पुन्ना इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं अन् ल्हान पोरागत रडाया लागला. रडत रडत हसाया लागला. तुमाला एक शिवी दिली न्हाई, मला एक शिवी दिली न्हाई. नुसते आपले हात उलटे सुलटे करून बघत व्हता. मला वाटलं सुटलो, ह्यानं माफ केलं.

फुलाबाई दारात उभी व्हती. ती काय रडली न्हाई. तिनं इचारलं, "भावजी, हे तुमाला कळून किती दिस झालं?"

म्हणालो, दोन महिनं.

ती म्हणाली, "दोन महिनं तुमी हितं बसून चा पीत व्हता."

एवढंच म्हणाली. आत गेली अन् दार लोटून घेतलं. मी तसाच वेल्ह्याला आलो. वाटंत काय दिसलं, कोण भेटलं, मला सांगता यायचं न्हाई.

मंगळवारपतूर गावात समद्यांना कळलं. रामभाऊ आला, कोपऱ्यात ठिवलेला त्याचा फाळ उचलला अन् निघून गेला. त्याच्यामागं आनखी तिघं गेले. सखूबाई म्हणती, व्हईल समदं सुरळीत. मला तसं दिसत न्हाई.

आता पुढलं. येत्या गुरुवारी, सतरा तारखेला, पहिल्या गाडीनं आमी दोघं पुण्याला साहेबाकडं जाणार. ज्ञानूला साहेबाच्या तोंडून ऐकायचं हाय की तो लोंबकळला न्हाई. दुसरं कायबी मागायचं न्हाई म्हणतो. मी त्याला सांगितलं, मागायचं ते मी मागंन. तुमचं पत्र संगं नेणार हाय. साहेब पोलिसात देईल, का दोघांना फाटकाबाहेर हाकलंल, जे व्हईल ते व्हईल. तुमी आलात तर चारचौघांत माझ्या बाजूला उभं ऱ्हावा, न्हाई आलात तरी मी तुमच्यावर ढकलणार न्हाई, माझं माझं सांगंन अन् तुमचं तुमचं.

पर त्याच्या आधी अक्काला तुमी सांगा. तुमच्याच तोंडानं. दुसरीकडनं तिच्या कानावर गेलं तर ती बी तुमाला हेच इचारंल, कळून किती दिस झालं? तुमचा आकडा माझ्यापरास मोठा हाय, अन् रोज एक दिस वाढतोय.

सोनबा